बदकाच्या पोटात ग्रंथालय

पिवळे बदक, आगगाडीचे इंजिन, क्रिकेटची बॅट, किल्ली, केळे, भाताच्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा! या साऱ्या वस्तूंत समान असे काय आहे? काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. परंतु या सगळ्या रूपांत पेन ड्राइव्ह तयार झाले आहेत आणि लोकांनी ते हौसेने विकत घेतले आहेत. बदकाची मान हळूच ओढली की आतून चकचकीत पत्र्याची चौकोनी जीभ बाहेर येते. ती संगणकाच्या खाचेत सारली की पुस्तके, गाणी, छायाचित्रे, जे काही पोटात असेल ते बदक भराभर काढून देते.

वडीलधारी मंडळी अशा वस्तूला पोरखेळ म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण तुम्ही त्यांना एक प्रश्न विचारून पाहा. त्यांच्या लहानपणी बदकाच्या आकाराची ग्रामोफोनची तबकडी का मिळत नव्हती? केळ्याच्या आकाराची कॅसेट का नव्हती? त्या काळच्या कारखानदारांना गंमत सुचत नव्हती म्हणून नव्हे. तसे करणे फार अडचणीचे होते म्हणून.

ग्रामोफोनची तबकडी गोल असे, कारण ती फिरावी लागे आणि तिच्यावरच्या खाचेतून सुई सरकावी लागे. कॅसेटमध्ये लांबलचक फीत दोन चकत्यांवर गुंडाळलेली असे. या दोन चकत्यांनीच कॅसेटचा आकार ठरवून टाकला होता. संगणकाची साडेतीन इंची फ्लॉपी बाहेरून चौकोनी दिसे, पण तिच्या पोटातही गोल चकतीच फिरत असे. शिवाय संपूर्ण फ्लॉपी यंत्राने गिळावी लागे. त्यामुळे जगातील कोणतीही फ्लॉपी जगातील कोणत्याही यंत्राच्या तोंडात नेमकी बसली पाहिजे, असा दंडक होता. थोडक्यात, माहिती ज्या वस्तूत ठेवायची तिचे रूप वाचणाऱ्या यंत्राच्या हालचालीने बांधलेले असे.

पेन ड्राइव्हच्या आत काहीच फिरत नाही. काहीच सरकत नाही. संगणकही त्याला गिळत नाही, फक्त त्याची जीभ तोंडात धरतो. ही जीभ सुमारे १२ मिलिमीटर रुंद, साडेचार मिलिमीटर जाड आणि तेवढीच, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटर, बाहेर आलेली असली म्हणजे झाले. तिच्यामागे बदक आहे की बैलगाडी, याची संगणकाला पर्वा नाही.

मग आत आहे तरी काय?

बंद खोलीतील इलेक्ट्रॉन

बदकाच्या पोटात सिलिकॉनचा एक पातळ तुकडा असतो आणि त्या तुकड्यावर अब्जावधी सूक्ष्म कोठड्या कोरलेल्या असतात. एक कोठडी कशी चालते ते समजले की सारा पेन ड्राइव्ह समजला.

शेतातील पाट डोळ्यांसमोर आणा. पाटाला एक दार आहे. दार उघडले की पाणी वाहते, बंद केले की थांबते. ट्रान्झिस्टर हा इलेक्ट्रॉनांच्या पाटावरील असाच दरवाजा होय. फरक एवढाच की तो हाताने नव्हे, तर विद्युत्दाबाने उघडतो आणि मिटतो. आता या दरवाजाच्या आणि पाटाच्या मधोमध एक लहानशी बंद खोली बांधली आहे, अशी कल्पना करा. तिच्या भिंती सिलिकॉन डायऑक्साइडच्या, म्हणजे वाळूत आणि काचेत जो पदार्थ असतो त्याच्याच आहेत. या पदार्थातून वीज वाहत नाही. त्यामुळे खोलीत जे इलेक्ट्रॉन कोंडले जातील ते तेथेच राहतील.

या कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांचा उपयोग काय? सजातीय विद्युत्भार एकमेकांना दूर लोटतात, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. खोलीत इलेक्ट्रॉन असले की ते खालच्या पाटातील इलेक्ट्रॉनांना लोटतात आणि दरवाजा नेहमीच्या दाबाला उघडत नाही. खोली रिकामी असली की तो सहज उघडतो. दरवाजावर ठराविक दाब देऊन पाहायचे : पाट वाहिला तर १, अडला तर ०. झाले वाचन! वाचताना खोलीतील इलेक्ट्रॉनांना हातही लावावा लागत नाही. पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला, वीज पूर्ण बंद झाली, तरी ते आपले खोलीत बसलेलेच असतात.

पण थांबा. भिंतीतून वीज वाहत नसेल तर इलेक्ट्रॉन आत शिरतात कोठून? खोलीला खिडकी नाही, दार नाही. येथे निसर्गाचा एक चमत्कारिक नियम कामी येतो. चेंडू भिंतीवर फेकला तर तो परत येतो; कितीही वेळा फेका, भिंतीपलीकडे तो आपोआप निघत नाही. इलेक्ट्रॉन मात्र चेंडूसारखा वागत नाही. भिंत अतिशय पातळ असेल आणि तिच्यावर पुरेसा विद्युत्दाब असेल, तर काही इलेक्ट्रॉन भिंत न फोडता पलीकडे प्रकट होतात. जणू काही त्यांच्यासाठी घाटातून बोगदाच खणला आहे! शास्त्रज्ञ याला बोगदा परिणाम असेच म्हणतात. धातूतून इलेक्ट्रॉन अशा रीतीने कसे बाहेर पडतात याचे गणित राल्फ फाउलर आणि लोथार नॉर्डहाइम यांनी १९२८ मध्येच मांडले होते. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर बदक नव्हते हे सांगायला नकोच.

कोठडीची ही भिंत किती पातळ असते? सुमारे एका मिलिमीटरचा एक लाखावा भाग. तिच्यातून इलेक्ट्रॉन पार करण्यासाठी १५ ते २० व्होल्टचा दाब लागतो. संगणकाची खाच तर पेन ड्राइव्हला ५ व्होल्टच देते. म्हणून पाणी वर चढवायला जसा पंप लावतात तसा विद्युत्भाराचा एक पंप त्या सिलिकॉनच्या तुकड्यावरच बसवलेला असतो. तो ५ व्होल्टचे हवे तेवढे व्होल्ट करून घेतो. आधुनिक कोठडीत तर केवळ "भरलेली" आणि "रिकामी" एवढ्या दोनच अवस्था ठेवत नाहीत. कमी भरलेली, जरा जास्त भरलेली अशा आठ पायऱ्या करून एका कोठडीत तीन बिट ठेवतात. इतक्या लहान जागेत मोजकेच इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या आठ पायऱ्या! हे वाचणाऱ्या विद्युत्मंडलाचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

बंद खोलीच्या या कोठडीची कल्पना डावॉन कांग आणि सायमन झी या दोघांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६७ मध्ये मांडली. पुढे जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी एक युक्ती काढली. प्रत्येक कोठडी निरनिराळी पुसत बसण्यापेक्षा कोठड्यांचा अख्खा गट एका झटक्यात पुसून टाकायचा. ही स्मृती त्यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवली आणि १९८७ मध्ये तिचा अधिक दाटीवाटीने रचलेला, म्हणून स्वस्त, प्रकार पुढे आला. पेन ड्राइव्हमध्ये असतो तो हाच दुसरा प्रकार. एकदम पुसले जाणे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्र काढताना होणाऱ्या लखलखाटाची आठवण झाली आणि या स्मृतीचे नाव पडले "फ्लॅश". मासुओकांना मात्र आपल्या शोधाचा मोबदला फारच तुटपुंजा मिळाला असे वाटत होते. २००४ मध्ये त्यांनी कंपनीवर दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. येनचे हे आकडे मोठे दिसतात खरे, पण जगातल्या प्रत्येक मोबाइल फोनमध्ये हीच स्मृती आहे हे ध्यानात घेतले म्हणजे ते लहान वाटू लागतात.

आता त्या जिभेविषयी दोन शब्द. पूर्वी संगणकाला कळफलक जोडायची खाच वेगळी, मुद्रकाची वेगळी, माउसची वेगळी असे. सगळ्यांसाठी एकच खाच असावी म्हणून काही कंपन्यांनी मिळून यूएसबी ही पद्धत ठरवली. तिची पहिली आवृत्ती जानेवारी १९९६ मध्ये आली. या कामात इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्याचे नाव पुढे घेतले जाते ते अजय भट्ट आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले आहेत. जिभेच्या आत डोकावून पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन पट्ट्या विजेसाठी आणि मधल्या दोन माहितीसाठी. नीट पाहिले तर कडेच्या पट्ट्या मधल्यांपेक्षा सुमारे १ मिलिमीटर लांब असतात. त्यामुळे जोडताना आधी वीज मिळते आणि मग बोलणे सुरू होते. काढताना आधी बोलणे थांबते आणि मग वीज जाते. (निळी जीभ असलेल्या वेगवान ड्राइव्हमध्ये आणखी पाच पट्ट्या असतात.)

खिशातील स्मृती आणि हातातील वस्तू

पेन ड्राइव्ह २००० साली बाजारात आले. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने आपल्या वस्तूला "थंबड्राइव्ह", म्हणजे अंगठ्याएवढा, असे नाव दिले. इस्राएलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने बनवलेला ड्राइव्ह त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत आयबीएमने विकायला काढला. त्यात ८ मेगाबाइट माहिती मावे, म्हणजे जेमतेम साडेपाच फ्लॉप्या. आज तुमच्या हातातील ६४ गिगाबाइटच्या ड्राइव्हमध्ये त्याच्या ८,००० पट माहिती मावते. एक हिशेब करून पाहू. देवनागरीतील एक चिन्ह साठवायला आजच्या पद्धतीत ३ बाइट लागतात. तीनशे पानांचे मराठी पुस्तक घ्या, पानावर दीड हजार चिन्हे धरा. पुस्तकाला साडेतेरा लाख बाइट लागले. म्हणजे ६४ गिगाबाइटमध्ये अशी ४७,००० पुस्तके बसली. रोज एक वाचले तरी ती संपायला १२८ वर्षे लागतील!

गंमत अशी की या वस्तूचे नाव देशोदेशी तिच्या आकारावरूनच पडले. अमेरिकेत तो अंगठा झाला, जर्मनीत काडी झाली, आणि आपल्याकडे शर्टाच्या खिशाला अडकवता येतो म्हणून पेन झाला. आजही आपण त्याला पेन ड्राइव्हच म्हणतो, मग तो बदकासारखा का असेना.

सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये लहानशा पट्टीवर स्मृतीचा तुकडा, नियंत्रक आणि कंपन देणारा स्फटिक असे निरनिराळे भाग बसवलेले असत. पुढे हे सगळे एकाच काळ्या वडीत मावू लागले. ही वडी सुमारे २५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड असते. आपल्या करंगळीच्या टोकाएवढी! आता विचार करा. विद्युत्भाग लहान होत गेले, पण माणसाची बोटे काही लहान झाली नाहीत. नखाएवढी वस्तू हातातून निसटते, दप्तराच्या शिवणीत जाते, केराबरोबर झाडली जाते. म्हणून अशा वस्तूला मुद्दाम मोठे करावे लागते. माझ्या मते बदकाचे खरे काम येथे सुरू होते. ते शोभेचे आहेच, पण हरवू नये इतपत मोठे आणि विसरू नये इतपत ठसठशीत आहे.

शाळेच्या संगणकवर्गातील टेबलावर दहा काळे पेन ड्राइव्ह पडले आहेत अशी कल्पना करा. तुमचा कोणता? प्रत्येक खोचून पाहावा लागेल. पण त्यांत एकच आंबा असेल तर? लांबूनच ओळखू येईल आणि दुसरा कोणी तो चुकून उचलणारही नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची रीत याच गरजेतून आली. कार्याला शेजारपाजाऱ्यांची पातेली एकत्र आली तरी जेवणावळ उठल्यावर ज्याची त्याला परत जात. पेन ड्राइव्हवर नाव कोरायला जागा थोडी. म्हणून आकारच नाव होतो.

अशा गमतीच्या ड्राइव्हना जपानने मोठी चालना दिली. टोकियोच्या सॉलिड अलायन्स कंपनीने बदके काढली आणि सुशी, म्हणजे भाताचा मुटका व त्यावर मासा, या आकाराचे ड्राइव्हही काढले. ते इतके हुबेहूब होते की पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावे. हे कसब जपानला नवे नव्हते. तेथील खाणावळींच्या काचेच्या कपाटांत खोट्या पदार्थांचे नमुने मांडलेले असतात. ताकिझो इवासाकी यांनी १९३२ मध्ये ओसाका येथे त्यांचा व्यवसाय सुरू केला. पूर्वी हे नमुने मेणाचे असत, नंतर प्लॅस्टिकचे होऊ लागले. काचेआडच्या सुशीच्या पोटात नखाएवढी स्मृती बसवणे, एवढेच काय ते उरले होते. अमेरिकेत बॉस्टनच्या मिमोको कंपनीने २००५ पासून लहान बाहुल्यांच्या रूपातील ड्राइव्ह काढले आणि चित्रपटांतील पात्रे त्यांत उतरवली. काही लोक ते वापरण्यापेक्षा जमवण्यासाठीच घेत. पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्यांना हे सांगावे लागणार नाही.

या मऊ कवचाची कृती साधी आहे. आधी धातूचा साचा करतात. पीव्हीसीची रंगीत पातळ खीर करून एकेक रंग साच्यातील आपापल्या खळग्यात भरतात : डोळ्याचा काळा, चोचीचा नारिंगी, मग अंगाचा पिवळा. साचा तापवला की खीर घट्ट होऊन रबरासारखी बनते. गार झाल्यावर बदक सोलून काढायचे. मोदकाचा साचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात काही अवघड वाटणार नाही. साचा स्वस्त असल्यामुळे थोडीशी नगेही परवडतात, आणि म्हणूनच इतके निरनिराळे आकार बाजारात येऊ शकले.

या आकारांत सगळे काही छान आहे असे मात्र समजू नका. जाड अंगाचे बदक शेजारची खाच अडवून बसते. टोपण डोक्याच्या रूपात असेल तर ते हमखास हरवते आणि मग बिनडोक्याचा रोबो वर्षानुवर्षे वापरावा लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तरफेचा नियम. साधा ड्राइव्ह १० ग्रॅम वजनाचा आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य खाचेपासून २ सेंटिमीटरवर आहे असे धरा. गुणाकार झाला २०. बदक ४० ग्रॅमचे आणि त्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटरवर, गुणाकार १६०. म्हणजे खाचेवर आणि आतील डाखांवर आठपट ताण! वरून कोणाचा धक्का लागला तर विचारूच नका. तेव्हा जड ड्राइव्ह लोंबकळत ठेवू नये, त्याला खाली वहीचा आधार द्यावा. आणि घरात अगदी लहान भावंड असेल तर खाऊच्या आकाराचा ड्राइव्ह घेऊच नये. खाण्याचा भास करून धोका निर्माण करणाऱ्या वस्तूंना युरोपीय समुदायाने १९८७ मध्येच नियम करून मनाई केली होती, ती उगाच नव्हे.

बदक खोटे बोलले तर?

आकार आणि अंतरंग यांचा एकमेकांशी संबंध उरला नाही, म्हणून आपल्याला गंमत मिळाली. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की बाहेरून पाहून आत काय आहे हे सांगता येत नाही. संगणकाला तरी कळते का? नाही. ड्राइव्ह खोचताच संगणक त्याला विचारतो : तू कोण? तुझ्यात किती मावते? उत्तर देतो तो नियंत्रक, आणि तो जे सांगेल त्यावर संगणक विश्वास ठेवतो.

लबाड विक्रेते याचाच फायदा घेतात. स्मृती असते ८ गिगाबाइटची, पण नियंत्रकाला पढवून ठेवलेले असते की "१२८ आहे असे सांग". पडद्यावर १२८ दिसतात. तुम्ही फायली भरता, नावेही यादीत नीट दिसतात. मात्र ८ गिगाबाइट संपल्यावर पुढचे लिखाण आधीच्या लिखाणावर चढते किंवा हवेत विरून जाते. महिन्याभराने प्रकल्पाची फाइल उघडायला जाल तर ती उघडत नाही. म्हणून फार स्वस्त आणि फार मोठा ड्राइव्ह मिळाला की त्याची परीक्षा घ्यावी. तो काठोकाठ भरायचा, काढून पुन्हा खोचायचा आणि सगळे परत वाचून ताडून पाहायचे. हे काम करणाऱ्या मोफत आज्ञावल्या मिळतात. त्यांपैकी एकीचे नाव एफ३ असे आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ६४ गिगाबाइटच्या ड्राइव्हवर काही संगणक ५९.६ दाखवतात. ही लबाडी नव्हे. कारखानदार १ गिगाबाइट म्हणजे १०० कोटी बाइट धरतो. ते संगणक १०२४ ला तीन वेळा गुणून येणारी १०७,३७,४१,८२४ ही संख्या धरतात. भागाकार स्वतः करून पाहा.

दुसरा धोका याहून मोठा आहे. वाटेत एखादा सुंदर, मजेदार आकाराचा ड्राइव्ह पडलेला दिसला तर तुम्ही काय कराल? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ ड्राइव्ह मुद्दाम ठिकठिकाणी टाकून ठेवले. २०१६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ सगळेच ड्राइव्ह लोकांनी उचलले होते, आणि १०० पैकी ४५ ड्राइव्हवरील फायली उघडल्याही होत्या. पहिला तर सहा मिनिटांच्या आत उघडला गेला! मात्र ज्यांना किल्ल्या आणि मालकाच्या पत्त्याची चिठ्ठी बांधलेली होती, ते ड्राइव्ह इतरांपेक्षा कमी उघडले गेले. चिठ्ठी पाहून लोकांना मालक आठवत असावा. यावरून तुमच्या ड्राइव्हला काय बांधावे हे तुम्हाला कळलेच असेल.

असा ड्राइव्ह खोचण्यात नुकसान कसले? कार्स्टेन नोल आणि याकोब लेल या जर्मन संशोधकांनी २०१४ मध्ये ते दाखवून दिले. संगणकाने "तू कोण?" असे विचारल्यावर ड्राइव्हचा नियंत्रक "मी कळफलक आहे" असे उत्तर देऊ शकतो. संगणकाचा विश्वास बसतो आणि मग तुमच्या नकळत अदृश्य बोटे हुकूम टंकू लागतात. त्याआधी २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा उपद्रवी कार्यक्रम उघडकीस आला होता. तो पेन ड्राइव्हवरून पसरे आणि इराणमधील नातान्झ येथील अणुइंधन केंद्रातील यंत्रे बिघडवण्यासाठी तो तयार केलेला होता. अशा ठिकाणचे संगणक इंटरनेटला जोडलेले नसतात; तेथे शिरायला खिशातला ड्राइव्ह पुरतो. तेव्हा सापडलेले बदक स्वतःच्या संगणकात घालू नका. शाळेत सापडले तर शिक्षकांकडे द्या.

एका गोष्टीविषयी आणखी सांगायला हवे. बंद खोलीतील इलेक्ट्रॉन तेथे कायमचे राहतात का? भिंत फारच पातळ असल्याने एखादा एखादा निसटतच असतो, आणि उष्णतेत अधिक निसटतात. शिवाय दर वेळी पुसताना आणि लिहिताना भिंत थोडी झिजते. आठ पायऱ्यांच्या कोठड्या सुमारे हजार वेळा लिहून-पुसून झाल्या की भरवशाच्या राहत नाहीत. चांगला ड्राइव्ह कमी वापरला आणि थंड जागी ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो, पण आजोबांच्या आवाजाचे एकमेव ध्वनिमुद्रण त्याच्यात ठेवून कपाट बंद करू नका. त्याची दुसरी प्रत वेगळ्या जागी हवीच. फोनवरून आणि इंटरनेटवरून फायली पाठवण्याच्या या दिवसांतही पेन ड्राइव्ह आपल्या जागी उपयोगी आहे. पण ती ने-आण करण्याची पिशवी आहे, तळघर नव्हे.

करून पाहा

आता सुट्टीतला उद्योग. कवच नसलेला किंवा अगदी लहान, चपटा पेन ड्राइव्ह घ्या आणि त्याला स्वतःचे कवच करा. करवंटीचा तुकडा, बांबूचे कांडे, जुन्या बॅटच्या मुठीचा तुकडा, सुकवलेला लहान दुधी, काहीही चालेल. धातूचे कवच मात्र नको; उघड्या पट्ट्यांना धातू टेकला तर वीज भलतीकडे जाईल. ड्राइव्हवर आधी चिकटपट्टीचा एक वेढा द्या, मग कवचातील पोकळीत तो दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लांबीने बसवा. जीभ पूर्ण १२ मिलिमीटर बाहेर राहिली पाहिजे, आणि लांबीचा कण आत जाऊ नये म्हणून काम चालू असताना तिच्यावर कागद गुंडाळून ठेवा. लांबी एक दिवस वाळू द्या.

कवच करण्यापूर्वी तुमच्या संगणकावरील दोन खाचांमधील अंतर पट्टीने मोजा. त्यावरून कवचाची जास्तीत जास्त रुंदी ठरेल. तयार झाल्यावर ते पेन्सिलीवर आडवे तोलून गुरुत्वमध्य शोधा, तराजूत वजन करा आणि वर सांगितलेला गुणाकार काढा. तो शंभराच्या वर गेला तर मागचा भाग कानसने घासून कमी करा. टोपण दोऱ्याने बांधायला विसरू नका.